तळातला बांध

माझ्या बापाला बांधकोऱ्या ठरवणाऱ्या माणसाचं खोटं मी धरणाच्या तळातून वर काढलं. त्याला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत असा एकही दिवस गेला नाही, की मी त्या माणसाचं वाईट चिंतलं नाही. आता माझे केस पिकले, तरी हे लिहिताना हात जड होत नाही. उलट हलका होतो.

तो माणूस माझा चुलता. बापाचा चुलतभाऊ. लहानपणी मी त्याला नाना म्हणायचो आणि त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली आहे. इथं मात्र मी त्याला चुलताच म्हणणार. नाना हा शब्द मला दुसऱ्या माणसांसाठी जपून ठेवायचा आहे.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, मढच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं. भात, नाचणी, वरई, आणि उतारावर दगडी बांध घालून अडवलेली शेतं. मी आता राहतो पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात. माझी मुलं आपसात तेलुगू बोलतात आणि मी चिडलो की हसतात, कारण चिडल्यावर माझ्या तोंडात 'व्हतं' आणि 'न्हाई' येतं. आठवी अर्ध्यात सोडलेल्या माणसाला समुद्राच्या संशोधनाच्या जहाजावर नोकरी मिळाली, ती टिकली, याचं मला अजून नवल वाटतं. रोज सकाळी वाटतं, आज कोणीतरी येऊन म्हणेल, हा माणूस इथं चुकून आला आहे, उतरवा याला. त्या भीतीनं मी प्रत्येक गाठ तीनदा तपासतो. सोबतचे हसतात. हसू देत. माझ्या हातून आजवर एकही यंत्र समुद्रात गेलेलं नाही.

आता बापाचं सांगतो. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गावात दोन भावांची वाटणी झाली की नवा बांध कुठून न्यायचा हे ठरवायला दोरी आबांनी धरायची, असा रिवाज होता. विहीर किती परस खोल गेली हेही आबाच मोजायचे. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. तलाठी यायचा, कागद व्हायचे, पण तलाठ्याच्या आधी आबांची दोरी. दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघायचे नाहीत, पण आबांकडे बघून मान हलवायचे. आमच्या घरात या मानाइतकी मोठी दुसरी वस्तू नव्हती.

आमचं शेत आणि चुलत्याचं शेत शेजारी. मध्ये बांध. हा बांध सरळ येऊन आमच्या विहिरीपाशी वाकायचा, तिला वळसा घालायचा आणि पुन्हा सरळ जायचा, म्हणजे विहीर आमच्या बाजूला राहायची. विहीर आबांच्या वडिलांनी खणलेली. वळसा त्यांनीच घातलेला, पायात डोक्याएवढे धोंडे पुरून.

धरणात जाणाऱ्या जमिनींची शेवटची मोजणी यायच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे आंबेगाव तालुक्यात, माझ्या आजोळी, मामाच्या लग्नाला गेलो होतो. तीन दिवसांनी परत आलो तर बांध सरळ होता. वळशाची माती आणि वरचे दगड गायब, त्यावरून नांगर फिरलेला, आणि विहीर चुलत्याच्या शेतात. बागायत ज्याच्या नावावर लिहिली जाईल त्याला नव्या गावात पाटाच्या पाण्याची जमीन मिळेल, असं तेव्हा जो तो बोलत होता. तेवढ्यासाठी.

आबा विचारायला गेले. चुलता अंगणात बसून दात कोरत होता.

"नाना, बांध कुणी मोडला?"

"मोडला न्हाई, नीट केला. मूळचा सरळ व्हता, तूच वाकडा केला व्हतास. दुसऱ्याचे बांध मोजता मोजता सोताचा कोरत गेलास व्हय, दोरीवाल्या?"

'दोरीवाल्या' म्हणताना त्यानं बायकोकडे बघून डोळा मारला. मी आबांच्या मागे उभा होतो. मी तो डोळा पाहिला.

आबा गप्प राहून जमीन सोडून देतील, असं आईला वाटलं होतं. जमीन तशीही बुडणारच होती. पण बांध कोरणं, म्हणजे बांध सरकवून शेजाऱ्याची जमीन खाणं, हे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. चोर दुसऱ्याच्या घरात शिरतो, बांध कोरणारा भावाच्या ताटात हात घालतो. आणि हा आळ ज्याच्या हातात गावाची दोरी त्याच्यावर. आबांनी गाव बोलावलं.

गाव जमलं ते भैरोबाच्या देवळात. आमच्याकडे असा तंटा बेल-भंडाऱ्यावर तुटायचा. उंबऱ्यावर बेलाचं पान आणि हळद ठेवायची. ज्यानं ते उचलून 'मी म्हणतो ते खरं' म्हटलं, त्याचं खरं; कारण देवासमोर खोटं उचलायची कोणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी गाभाऱ्यात देवच नव्हता. आठ दिवसांपूर्वी गुरवानं नारळ फोडून, वाजतगाजत, भैरोबाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नव्या गावाला नेलं होतं, तिकडे पूर्वेला, बेल्ह्याच्या बाजूला. मागे उरला होता काळा चौथरा आणि तेलाचे ओघळ. तरी लोक सवयीनं तिथंच जमले, आणि कोणीतरी सवयीनं बेल-भंडारा उंबऱ्यावर ठेवला.

चुलत्यानं पुढे होऊन तो पटकन उचलला. इतका पटकन, की तो खोटं उचलतोय हे मला त्या वयातही कळलं.

आबा म्हणाले, "मी उचलतो. पण इथं न्हाई. इथं देव न्हाई. नव्या गावात चला, देवाम्होरं उचलतो."

"देव काय एकाच खोलीत राहतो व्हय रं? भाड्यानं?" कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

"देवाला दोरी लावता येत न्हाई ना, म्हून भ्यालाय," चुलता म्हणाला. मोठा हशा झाला.

आबांनी उचललं नाही. त्यांच्या मते ते उचलणं म्हणजे भैरोबाची चेष्टा होती. गावाच्या मते न उचलणं म्हणजे कबुली होती. मला आजही वाटतं, त्या देवळात त्या दिवशी देवाला मानणारा एकच माणूस होता, आणि गावानं त्यालाच खोटं ठरवलं.

नव्या गावात गेल्यावर कोणी आबांना देवासमोर बोलावलंच नाही. जो तो पत्रे आणि विटा गोळा करण्यात गुंतला. आपणहून उचललेला बेल-भंडारा आमच्याकडे धरत नाहीत, समोर आळ घेणारा उभा असावा लागतो, आणि चुलता आता म्हणायचा, "झालं की एकदा. किती येळा करायचं?" वाटण्या होत राहिल्या. दोरी दुसरं कोणी धरू लागलं. आबा दारात बसायचे.

मी नव्या शाळेत आठवीला होतो. भूमितीच्या तासाला गुरुजी फळ्यावर रेघ मारायला मला बोलवायचे, तेव्हा मागून आवाज यायचा, "गुरुजी, त्याच्या हातात पट्टी नका देऊ, रेघ सरकवंल त्यो." गुरुजीसुद्धा हसले. एकदाच हसले, पण हसले. सहामाहीच्या आधी मी बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो, बैल पोचवून परतणाऱ्या एका टेम्पोत बसलो आणि कल्याणला उतरलो. आबांना सांगितलं नाही. मी का चाललो हे त्यांना कळलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

गोदी, मग मासेमारीच्या बोटी, मग एका बंदरात संशोधनाच्या जहाजावर डेकवरचा माणूस हवा आहे असं कानावर आलं. तिथं मला मॅडम भेटल्या. समुद्राचा तळ हा त्यांचा विषय. माझं शिक्षण विचारल्यावर मी अडखळलो. त्यांनी एक दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही किती लांब आहे?" मी हात पसरून मोजली. कोकणातल्या बोटींवर मी वाव शिकलो होतो; पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर म्हणजे वाव. आणि वाव न् परस जवळपास सारखंच भरतं, हे मला मनात आधीच कळलेलं होतं. सांगितलं. त्यांनी फुटपट्टीनं ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या ये."

या 'उद्या ये' चे उपकार मी फेडू शकत नाही.

समुद्राचा तळ माणसानं कसा शोधला, हे मॅडमनी मला चहाच्या वेळेत थोडं थोडं सांगितलं. पूर्वीचे लोक दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधून सोडायचे. गोळ्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी. तळाला टेकलं की चरबीला वाळू चिकटायची, शिंपल्याचा चुरा चिकटायचा, आणि वर ओढून बघितलं की खाली काय आहे ते समजायचं. खोल समुद्रात मात्र दोरी इतकी लांब जायची, की गोळा टेकला कधी आणि नुसती दोरीच पुढे वाहत गेली कधी, हे हाताला कळायचं नाही. मग दोरीच्या जागी बारीक तार आली. मग आवाज आला. जहाजाखालून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून खोली. मॅडम म्हणाल्या, आवाज यायच्या आधी लोकांना वाटायचं समुद्राचा तळ सपाट आहे. डोंगर होते, दऱ्या होत्या. फक्त मोजणाऱ्यांच्या दोरीला ते सापडले नव्हते.

मी हे ऐकलं आणि मला समुद्र आठवला नाही. विहीर आठवली.

पुढची काही वर्षं मी शिकलो. तळाचा चिखल चावून आणणारा ग्रॅब, गाळात उभी घुसवायची नळी, पाण्याच्या वेगवेगळ्या थरांत जाऊन आपोआप मिटणाऱ्या बाटल्या. आणि मग साइड स्कॅन आला. हे यंत्र माशाच्या आकाराचं. आम्ही त्याला मासाच म्हणायचो. बोटीमागून पाण्यातून ओढत न्यायचा, तो दोन्ही बाजूंना आवाज फेकतो आणि परत आलेल्या आवाजातून तळाचं चित्र काढतो. कठीण जागा उजळ, मऊ गाळ अंधुक, उंचवट्याच्या मागे सावली.

नवा मासा समुद्रात नेण्याआधी शांत पाण्यात तपासायचा होता. कुठलं धरण बघावं, अशी चर्चा चालली होती. मी चहाचे कप गोळा करत होतो. म्हटलं, "मॅडम, आमच्या धरणात चला. तळाला भिंती आहेत, देवळाचा चौथरा आहे. काय कुठं आहे ते मला पाठ आहे. यंत्र खरं सांगतं का, ते ताडून बघता येईल."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी मी त्यांना फसवत होतो.

पावसाळा सरून पाणी निवळलं होतं. रबरी बोट, बॅटऱ्या, मासा, लॅपटॉप. पहिल्या दिवशी मॅडमनी लोखंडी पट्टी मोजलेल्या दोरीनं बोटीखाली सोडून खोलीमापक यंत्र जुळवून घेतलं. गोड्या पाण्यात आवाज खाऱ्यापेक्षा हळू चालतो, ते यंत्राला सांगावं लागतं. मग रेघा. सर्वेक्षण म्हणजे पाण्यावर नांगरट. सरळ जायचं, वळायचं, शेजारून सरळ परत यायचं. बोट मी चालवत होतो. मॅडमनी आखलेल्या रेघा जुन्या नदीच्या पात्रावरून होत्या. आमची विहीर उतारावर, रेघांच्या बाहेर.

तिसऱ्या दिवशी मी बोट वळवली. मॅडम बॅटरीची वायर बघत खाली वाकल्या होत्या. मी डोंगराच्या सोंडेकडे बघितलं, समोरच्या खिंडीकडे बघितलं. विहिरीवर उभं राहिलं की त्या दोन्ही जशा दिसायच्या, ते मला लहानपणापासून पाठ होतं. त्या जागेवरून मी मासा ओढत नेला. आणि बांधाचा पाया सरळ निघाला तर? आबा खरोखर खोटं बोलले असतील तर? नऊ वर्षांत हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला, आणि त्याचाही राग मी चुलत्यावरच काढला.

पडद्यावर आधी अंधुक गाळ. मग एक गोल काळा डाग, काठ उजळ. विहीर. आणि तिच्याकडे येणारी उजळ ठिपक्यांची रेघ. रेघ आली, वाकली, वळसा घातला, पुन्हा सरळ झाली.

चुलत्यानं वरची माती आणि दगड काढले होते. पायातले धोंडे त्याला उपटता आले नव्हते, आणि आबांनी बांध सरकवला असता तर हा पाया सरळ निघाला असता. त्यानं ते मातीखाली दडपले. धरण भरत होतं त्या पहिल्या वर्षांत तिथं पाणी वरखाली होत राहिलं, लाटांनी नांगरलेली माती धुऊन नेली आणि धोंडे उघडे केले. पुढे पाणी कायमचं वर राहिलं. मधल्या काळात बघायला कोणी गेलं नाही. सगळं गाव बेल्ह्याकडे होतं.

मी ओरडलो नाही. बोट परत रेघेवर आणली.

त्या संध्याकाळी मॅडमनी बोटीचा माग लॅपटॉपवर उघडला. सरळ रेघांच्या कडेला एक शेपूट बाहेर गेलेलं.

"इथं काय झालं?"

"वारा, मॅडम."

त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्या तासाची नोंद माझ्याच अक्षरात होती. वारा नाही.

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर एवढंच विचारलं, "आणि बांध सरळ निघाला असता, तर दाखवला असतास?"

"नाही."

"मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

मला जहाजावरून उतरवतील, असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "एका बाजूनं बघितलेली गोष्ट पुरावा नसते. उद्या आडव्या रेघा मारू. आणि नोंदीत खरं लिही. बोट का वळली ते लिही." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या जागेवर आडवे-उभे फिरलो, शिवाय शिशाचा गोळा सोडून विहिरीची खोली हातानं मोजली. वळसा चारी बाजूंनी वळसाच होता.

मॅडमची अट एकच होती: दाखवायचं तर बुडालेलं सगळं गाव दाखवायचं, नुसती विहीर नाही. मी हो म्हटलं. माझ्या मनात विहीरच होती.

नव्या गावच्या शाळेत, दुपारी, खिडक्यांना ताडपत्र्या लावून आम्ही अंधार केला. वीज त्या वेळेला जायचीच, म्हणून आमचा जनरेटर. सगळं गाव आलं. भैरोबाचं नवं देऊळ शाळेच्या भिंतीला लागूनच होतं. त्याच्या कट्ट्यावरही माणसं बसली. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून चुलता बसला, धुतलेलं धोतर, पाटाच्या पाण्यावर पोसलेलं अंग. आबा मागे, दाराशी उभे.

"काय रं," चुलता मला म्हणाला, "समिंदरात मासं गावंना व्हय? धरणात आलास जाळं घेऊन?"

"आलो की," मी म्हटलं. "मोठा मासा हाय इथं."

चित्र सुरू झालं. मॅडम सांगत होत्या, हा चौथरा, ही गल्ली, ह्या भिंती. आधी कोणाला काही दिसेना. मग एकाला त्याची पडवी ओळखू आली, आणि खोलीत एकदम कल्ला झाला. शेजारच्या आत्या, आबांपेक्षाही वयानं मोठ्या, पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

"माझी चूल दिसती का रं पोरा?"

"चूल एवढी बारीक नाय दिसत, आत्या."

"मंग कशापायी यवढं मिशन आणलंस?"

लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. मला मात्र थांबवत नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी पुढचं चित्र लावलं.

विहीर सगळ्यांनी ओळखली. तिथं पोहायला न शिकलेला माणूस त्या खोलीत नव्हता. मग आवाज हळूहळू कमी झाला. शेवटी आत्याच बोलल्या, पडद्यावर बोट फिरवत.

"आगं बया. ह्यो बांध तर पायापासूनच वाकडा हाय की."

"गाळ हाय त्यो," चुलता म्हणाला.

"गाळ इतका उजळ दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे दगड आहेत." आणि आडवं चित्र लावलं. मग तिसरं.

"मिशनला काय कळतंय? मिशन काय शेत कसतंय?"

मी याच वाक्याची वाट बघत होतो. नऊ वर्षं मी ते मनातल्या मनात वेगवेगळ्या शब्दांत त्याच्या तोंडून ऐकलं होतं, बोटीच्या तळात झोपून. म्हटलं, "नसंल कळत. पर भिंतीपल्याड देव हाय. आता रिकामा गाभारा न्हाई. चला, आबांसमोर उचला बेल-भंडारा. बांध मूळचा सरळ व्हता म्हणा. मी हे मिशन धरणात फेकून देतो."

मॅडमनी चमकून माझ्याकडे बघितलं. ते यंत्र फेकणं माझ्या हातात नव्हतं. पण कोणी हसलं नाही. गुरव उठला, आणि थोड्या वेळानं बेल आणि हळद घेऊन दारात येऊन उभा राहिला.

चुलत्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते तिथंच राहिले. मी त्या हातांकडे बघत होतो. त्याला घाम फुटावा, तो खुर्चीवरून पडावा, रडावा, असं सगळं मला हवं होतं. तसं काही झालं नाही. "मला गरगरायलंय," म्हणून तो उठला आणि गर्दीतून वाट काढत गेला. दाराशी आबा बाजूला झाले. त्याला स्वतःच्या चपला सापडल्या नाहीत. तो अनवाणीच गेला. त्या अनवाणी पायांनी मला जे सुख दिलं, ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही.

संध्याकाळी माणसं आमच्या दारात येऊन बसली, बिडी मागितली, उगाच पावसाबद्दल बोलली. माफी कोणी मागितली नाही, पण आली. सगळे गेल्यावर आबा म्हणाले, "लई केलंस."

मी थांबलो. मला वाटलं आता ते पाठीवर हात ठेवतील.

"पर मला चित्र नको व्हतं. बांध कुठं व्हता ते मला ठावं व्हतं की. मला त्यानं सोताच्या तोंडानं म्हणाय हवं व्हतं. 'मी मोडला' यवढंच."

"आज न्हाई म्हणाला, उद्या म्हणंल."

"आज तू त्याला सगळ्यांम्होरं उभा केलास. आता त्यो मेला तरी म्हणायचा न्हाई."

मला राग आला. आबांचाही आला. मी दुसऱ्याच दिवशी मॅडमबरोबर परत किनाऱ्यावर गेलो.

पुढे आबांचा फोन यायचा, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. चुलत्याच्या नातवाला शाळेत बांधकोऱ्या म्हणतात, असं आईनं एकदा सांगितलं. "पोराची काय चूक रं?" ती म्हणाली. मी म्हटलं, माझी काय होती? मला आनंद झाला होता. लपवत नाही. वाटण्यांना पुन्हा आबांना बोलावणं येऊ लागलं, पण ते गेले नाहीत. वर्षातून एखाद्या वेळी ते चुलत्याच्या दारावरून जायचे, मुद्दाम हळू. त्यानं हाक मारावी म्हणून. तो आत जाऊन बसायचा.

मग एकदा फोन आला, की चुलत्याला झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ गेली. आबा त्याला बघायला गेले होते.

"त्यानं माझा हात धरला," आबा म्हणाले. "डाव्या हातानं. लई वेळ सोडला न्हाई. रडत व्हता."

"म्हंजी कबूल केलं?"

"मी तसं समजलो."

"बोलला का काही?"

"जीभच गेली तर काय बोलंल, येड्या?"

"मग न्हाई केलं," मी म्हटलं. फोनमध्ये आबांच्या मागे आई कोणाला तरी चहा देत होती, कपाचा आवाज येत होता. ज्या एका वाक्यासाठी आबांनी इतकी वर्षं वाट बघितली, ते त्यांनी हात धरण्यात भागवून घेतलं. त्यांना भागवता आलं. मला चुलत्याची जीभ गेली याचं वाईट वाटलं, ते एवढ्याचसाठी, की तो सुटला. आता त्याला ते कधीच म्हणावं लागणार नव्हतं.

तो वारला तेव्हा आबांनी खांदा दिला, असं त्यांनीच मला फोनवर कळवलं. तू दहाव्याला येतोस का, असं त्यांनी विचारलं नाही, पण फोन ठेवताना वेळ लावला. आमचं जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं. मॅडमनी दोनदा विचारलं, रजा हवी का, माणूस बदलून घेता येईल. मी त्यांना नको म्हटलं, तार गुंडाळणाऱ्या विंचला तेल दिलं, तारेच्या टोकाच्या लोखंडी कड्यांचे पेच तीनदा आवळले आणि जहाजाबरोबर बंदराबाहेर पडलो.